हृदयाने रंग पाहिला नाही, कायद्याने पाहिला

१७ जून १९८६ रोजी अमेरिकेतील बोस्टन सेल्टिक्स या नामांकित संघाने लेन बायस या कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटूची निवड केली. दोनच दिवसांनी, वयाच्या २२ व्या वर्षी, तो मरण पावला. कारण होते कोकेन. हे विष हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसून टाकते आणि ठोक्यांची लय राखणाऱ्या विद्युत संदेशांतच बिघाड करते. लय सुटली की धडधाकट तरुणाचे हृदयही काही मिनिटांत बंद पडते.

हा प्रश्न वैद्यकाचा होता. अमेरिकी संसदेने तो तुरुंगाचा केला. त्याच वर्षीच्या कायद्याने ५०० ग्रॅम कोकेन भुकटीच्या विक्रीला जी किमान पाच वर्षांची सक्तीची शिक्षा, तीच अवघ्या ५ ग्रॅम 'क्रॅक'ला लावली. क्रॅक म्हणजे तेच कोकेन, खड्याच्या रूपातले, गरीब वस्त्यांत स्वस्तात मिळणारे. बायसच्या मित्रांनी साक्ष दिली ती भुकटी ओढल्याची. तुरुंग मात्र क्रॅकच्या नावाने भरले, आणि त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीयच होते! २०१० साली १००:१ चे हे प्रमाण १८:१ वर आले. समानता आजही नाही.

व्यसनाविरुद्ध लढलेच पाहिजे. परंतु व्यसनात सापडलेल्याला आधी डॉक्टर हवा, मग पोलीस. आणि कठोर कायद्याची हाक उठेल तेव्हा आपण पहिला प्रश्न विचारावा : ही काठी कोणाच्या पाठीवर पडणार?