गोसेवेची कसोटी गोठ्यातच

विरजण चांगले, दूध ताजे, तरीही सकाळी दही लागलेले नसते. असा अनुभव अनेक गृहिणींना येतो. त्याची कारणे वेगवेगळी असू शकतात. त्यातले एक मात्र थेट गोठ्यापर्यंत जाते. आजारी गाईला दिलेले प्रतिजैविक दुधात उतरले, की ते विरजणातील उपकारक जिवाणूंचाही नाश करते. दूध उकळल्याने हे अंश सहसा पूर्णपणे नष्ट होत नाहीत. गोठ्यातली चूक अशी घरातल्या लेकरांच्या पेल्यात येते.

हिंगोली जिल्ह्यात, वसमतपासून सेनगावपर्यंत, सोयाबीन आणि हळदीच्या जोडीला दोन जनावरे बाळगणारा शेतकरी कालवड मोठ्या आशेने वाढवतो. पहिले वेत होते, चीक निघतो आणि दोन दिवसांत कास दगडासारखी घट्ट होते. दुधात गाठी दिसतात. हीच काससुजी. पहिलारू गाईत हा संसर्ग अनेकदा विण्यापूर्वीच शिरलेला असतो. सडांवर बसणाऱ्या माश्या, एकमेकींचे सड चोखणारी वासरे, ओला गोठा ही त्याची दारे. वेळीच उपचार न झाल्यास सड कायमचा निकामी होतो आणि ऐन उमेदीतली गाय बाजाराची वाट धरते.

अशा वेळी होते काय? ओळखीच्या दुकानातून ट्यूब आणली जाते, सड न धुताच आत सोडली जाते, आणि दुसऱ्या दिवशी सूज उतरताच उपचार थांबतो. दूध मात्र त्याच संध्याकाळी संकलन केंद्रावर पोहोचते. अर्धवट मात्रेने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल व्याख्यानातच हा इशारा दिला होता. ज्या देशाने 1954 साली पिंपरीत स्वतःचा प्रतिजैविकांचा कारखाना उभारला, त्या देशाने हे अस्त्र असे बोथट होऊ द्यावे काय? कोलिस्टिन या अखेरच्या फळीतील औषधावर अन्नोत्पादक पशूंसाठी 2019 साली बंदी घालावी लागली, ती याच भयापोटी.

याचा अर्थ प्रतिजैविके त्याज्य आहेत, असा नव्हे. ताप, चारा सोडणे, दुधात रक्त अथवा पू ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकाला बोलावणे हाच धर्म होय. शासनाचा 1962 हा क्रमांक त्याकरिताच आहे. शक्य तेथे दुधाचा नमुना तपासून औषध निवडावे, मात्रा पूर्ण करावी आणि पशुवैद्यक सांगेल तितके दिवस दूध विकू नये. सौम्य सूज असेल तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारित केलेला 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद व 15 ग्रॅम चुना यांचा लेप उपयोगी पडतो. वसमतच्या हळदीचा लौकिक असलेल्या जिल्ह्यात त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. परंतु परंपरेचा अभिमान म्हणजे पशुवैद्यकाला टाळण्याची सबब नव्हे.

खरा उपाय तर याहून साधा आहे. गोठा कोरडा ठेवावा, स्वच्छ हातांनी दूध काढावे, धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवावेत आणि लगेच वैरण टाकावी. म्हणजे सडाची तोंडे मिटेपर्यंत गाय उभी राहते.

शेतकऱ्यावर दोष ढकलून मात्र कोणालाही मोकळे होता येणार नाही. चार दिवसांचे दूध ओतून देणे म्हणजे त्याच्या घरचा बाजारहाट बुडणे. उपचारकाळातील या नुकसानीचा काही वाटा दूध संघांनी आणि शासनाने उचलला, तरच नियम पाळला जाईल. 30 सप्टेंबर 2024 रोजी महाराष्ट्राने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. ही घोषणा गौरवाची खरीच. पण तिचे मोल रिकाम्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नव्हे, तर वेळेवर गोठ्यात पोहोचणाऱ्या पशुवैद्यकाच्या हाती ठरेल. वसुबारसेला गाईच्या पायांवर पाणी घालणाऱ्या हातांनी उरलेले दिवस तिची कासही तितक्याच निष्ठेने जपावी.