एकच? हो, एकच!

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला ऑफिसच्या ग्रुपवर काय धिंगाणा चालतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कुठे जायचं, कुणाच्या गाडीतून, मागच्या वेळचे पैसे कोण देणं लागतं... पन्नास मेसेज होतात, प्लॅन बोंबलतो आणि सगळे आपापल्या घरी बसून पिझ्झा मागवतात. ग्रुपने बाहेर खाण्यावर सगळेच बोलतात. आज जरा दुसऱ्या प्रकाराबद्दल. एकट्याने बाहेर खायला जाणं. त्यातही एकटीने.

एकदा ट्राय करून बघा. दारात उभा असलेला मॅनेजर आधी तुमच्या खांद्यावरून मागे बघतो. मागून कुणीतरी येतच असणार ना! कुणी येत नाही म्हटल्यावर विचारतो, 'किती जण?' तुम्ही म्हणता, 'एक.' मग येतो तो खास प्रश्न : 'एकच?' मराठीतला 'च' हा भलताच आगाऊ प्रत्यय आहे बॉस. एका अक्षरात तो विचारतो की मित्र नाहीत का, भांडण झालं का, घरी माहिती आहे का. त्यानंतर तुमची रवानगी बेसिनशेजारच्या टेबलावर. खिडकीजवळचं चौघांचं टेबल रिकामं असतं, पण ते 'रिझर्व्ह' असतं. पुरुषांनाही हा अनुभव येतो, नाही असं नाही. पण एकटा पुरुष दिसला तर 'साहेब कामावरून दमून आलेत' असं समजतात. एकटी बाई दिसली की गोष्ट रचायला घेतात.

माझ्या डोक्यात हा विषय मुरलाय त्याला कारण आहे. मी मूळची पुसेगावची. इथे निम्मे लोक लगेच 'अरे वा, सेवागिरी महाराजांचं!' म्हणतात. ते नव्हे. ते सातारचं. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात. आमच्याकडे 'हॉटेल' म्हणजे मेन्यूकार्ड, एसी असलं काही नाही. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, पुढे भज्यांची कढई, काचेच्या कपाटात शेव-चिवडा आणि जिलेबी, आत दोन बाकडी. चहा 'हाप' मागायचा. आठवडी बाजाराच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. पण माझ्या लहानपणी त्या बाकड्यावर बाईमाणूस बसलेलं मी पाहिलेलं नाही. बाया बाहेर झाडाखाली पिशव्या सांभाळत उभ्या राहायच्या आणि भजे त्यांच्यापर्यंत पेपरात गुंडाळून यायचे. गरम भजे, बरं का. तक्रार भज्यांबद्दल नव्हतीच. तक्रार होती असंही नाही. कुणी तसा विचारच केला नव्हता.

आणि बाहेर थांबणाऱ्या फक्त बायाच नसत. महाराष्ट्रात गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळा कप ठेवलेला असायचा, तो पिणाऱ्याने स्वतः विसळून परत ठेवायचा, ही काही फार जुन्या पोथीतली गोष्ट नाही. तुमच्या आजोबांना विचारा. सांगतील, किंवा विषय बदलतील.

जिल्ह्याच्या गावाला जरा सुधारणा असायची. तिथे हॉटेलात पाटी दिसायची, 'फॅमिली रूम'. प्लायवूडचं पार्टिशन, मळकट पडदा, आत ट्यूबलाइट आणि आवाज करणारा पंखा. ही काही फक्त मराठवाड्याची खासियत नाही. मुंबई-पुण्याच्या जुन्या इराण्यांकडेही पोटमाळ्यावर नाही तर कोपऱ्यात फॅमिलीसाठी केबिन असायच्या. आता गंमत बघा. चार पुरुष आले तर ते गिऱ्हाईक. एक बाई नवऱ्याबरोबर आली तर ती फॅमिली. मग एक बाई एकटीच आली तर तिला बसवायचं कुठे? पाटी रंगवणाऱ्याने हा ऑप्शनच ठेवला नव्हता.

नोकरी लागून पुण्यात आले तेव्हा पहिल्या महिन्यात मी डेक्कनवर उतरले. (आमच्या रेल्वे स्टेशनचं नाव 'हिंगोली डेक्कन' आहे, त्यामुळे हे माझ्या आयुष्यातलं दुसरं डेक्कन!) तिथे गुडलक दिसलं. १९३५ सालचं इराणी कॅफे. आत शिरले, टेबल पकडलं, बन मस्का आणि चहा मागवला. वेटरने बशी आदळली आणि तो निघून गेला. बस्स. कुठल्या गावची, कुणाची, एकटी का, काही नाही. तुम्ही लोक त्या वेटर मंडळींच्या तुटकपणावर जोक मारता ना, माझ्यासाठी ती व्हीआयपी ट्रीटमेंट होती. जिथे बसस्टँडवरचा अनोळखी माणूसही 'कोण्या गावची गं तू?' म्हणून सुरुवात करतो, तिथून आलेल्या मुलीला कुणी काहीच न विचारणं म्हणजे काय चीज असते, हे पुण्यात वाढलेल्यांना कळायचं नाही.

पण पुणंही काही जन्मापासून असं कूल नव्हतं. १८९० सालच्या ऑक्टोबरात इथल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी एका कार्यक्रमाला गेली होती. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी उपस्थितांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गावात भूकंप झाला. मिशनऱ्याच्या घरचा चहा! ग्रामण्य, वाद, बहिष्काराची भाषा... शेवटी प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. एका कपासाठी. आज त्याच शहरात आपण 'कटिंग की फुल' एवढाच वाद घालतो.

या मधल्या काळात काय झालं? इराणी आले, ज्यांच्याकडे पैसे मोजणारा प्रत्येक जण सारखा होता. उडपीवाले आले. आणि २६ जानेवारी १९५० ला आपली घटना लागू झाली. आता म्हणाल, बाई खाण्याच्या कॉलममध्ये घटना कुठून काढतेय! पण ऐका. आपल्या घटनेत रेस्टॉरंट आहे. खरंच आहे. कलम १५, उपकलम २ उघडून बघा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जायला अडवता येणार नाही, असं तिथे लिहिलंय. पाठोपाठ विहिरी, तलाव, घाट, रस्ते येतात. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जे झालं त्यानंतर यादीत तलाव असणं समजू शकतं. पण त्याच यादीत चहाचं टेबलही आहे, हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. देश चालवायचा कसा हे लिहिताना त्या लोकांना कुणाला कुठे बसून खाता येतं हेही महत्त्वाचं वाटलं होतं. आणि यादीत 'लिंग' हा शब्दही आहे, 'फॅमिली' नाही.

बेसिनशेजारी बसवलं म्हणून कोर्टात जा, असं मी सांगत नाहीये. कायदा दारातून आत सोडतो, टेबल आपल्यालाच मिळवावं लागतं. आणि त्यासाठी काही जागा इतरांपेक्षा फार चांगल्या असतात. चांगल्या म्हणजे महागड्या नव्हे, उलटंच. टिळक रोडवरची बादशाही घ्या. १९३२ पासूनची खानावळ. नाव लिहायचं, नंबर लागेपर्यंत थांबायचं. पोळी, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर. तिथे एकटं जेवणं हीच रीत आहे. खानावळ ही गोष्टच मुळात घर सोडून आलेल्या एकट्या माणसासाठी जन्माला आली. मुंबईत गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. त्यांनाच एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. रांधणाऱ्या बायका, जेवणारे पुरुष, असा तो सगळा मामला. त्या पाटावर बायका जेवायला बसायला बराच उशीर लागला.

नारायण पेठेत बेडेकरांकडे मिसळ खायला गेलात तर 'एकच' हा फायदा असतो. चौघांचा घोळका बाहेर ताटकळत असतो आणि तुम्ही कुठल्याशा टेबलाच्या रिकाम्या खुर्चीवर टुणकन बसता. समोर एक अनोळखी काका रश्श्यात स्लाइस बुडवत असतात. ते तुमच्याकडे बघत नाहीत, तुम्ही त्यांच्याकडे. टेबल शेअर करणं ही आपल्याकडची फार भारी पद्धत आहे. 'इथे कुणी आहे का?' एवढं विचारायचं आणि बसायचं. मॉलमधल्या कॅफेत आता 'कम्युनिटी टेबल' म्हणून हीच आयडिया लाकडी फळीवर बल्ब लटकवून विकतात. कॉफीची किंमत बघून घाम फुटतो.

फर्ग्युसन रोडच्या वैशालीबद्दल मात्र दोन मतं आहेत. रविवारी सकाळी तिथे एकटं जाऊ नये. जाऊच नये खरं तर. पण आडदिवशी दुपारी तीन-साडेतीनला गेलं, एसपीडीपी मागवलं, पुस्तक उघडलं की मस्त जमतं. जगन्नाथ शेट्टी २०२३ मध्ये वयाच्या ९१व्या वर्षी गेले तेव्हा कित्येकांनी आपापल्या टेबलाच्या आठवणी सांगितल्या. डिशच्या आठवणी कमी होत्या, टेबलाच्या जास्त.

मग कॉफीवाल्यांना क्रेडिट नको का? हवं ना! कॅफे कॉफी डे १९९६ मध्ये बंगळुरूत सुरू झालं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत आपल्या प्रत्येक नाक्यावर आलं. एका कॅपुचिनोवर तीन तास बसलेली मुलगी हे दृश्य त्यांनी नॉर्मल केलं. त्यात ना पडदा होता ना पार्टिशन, उलट रस्त्याकडे अख्खी काच. नंतर कंपनी अडचणीत आली, मालक २०१९ मध्ये गेले, बरीच दुकानं बंद झाली. त्या जागी आता जिथे तीनशेच्या खाली काही मिळत नाही असे कॅफे आलेत. पहिल्या नोकरीच्या पगारात, खोलीचं भाडं देऊन, घरी पैसे पाठवून, तिथे आठवड्यातून किती वेळा बसाल? मला खरी काळजी याची वाटते. स्वस्त टेबल गेलं की एकटीने बसायची सवय लागायच्या आधीच मोडते.

आणि तिकडे आमच्या बाजूला? तालुक्याच्या ठिकाणीही आता 'कॅफे' झालेत, पण त्यातले कित्येक म्हणजे प्लायवूडचे कप्पे आणि त्यांना पडदे. मधूनमधून पोलिसांनी धाड टाकल्याची बातमी येते, मुला-मुलींच्या घरी फोन जातात. मला त्या पोरांचा राग येत नाही. उघड्या टेबलावर दोघांनी नुसतं बसून कोल्ड कॉफी प्यायली तर गावभर होणार असेल, तर पडदा लागणारच. हा पडदा जुन्या फॅमिली रूमचाच आहे, फक्त कापड नवीन.

बरं, ज्यांना या वीकेंडला सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी माझे दोन-चार फंडे. गर्दीच्या वेळी चौघांचं टेबल अडवून बसू नका, तिथे मॅनेजर बरोबर असतो. पाठ भिंतीला लागेल अशी खुर्ची घ्या, सगळं हॉटेल दिसतं आणि फुकट सिनेमा मिळतो. मोबाइल पहिली दहा मिनिटं पर्समध्ये. बेसिनशेजारी बसवलं तर हसून 'तिकडे बसते' म्हणा आणि उत्तराची वाट न बघता चालू लागा. बिलावर सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला सांगा. तो देणं ऐच्छिक आहे, २०२२ च्या सरकारी सूचनांमध्ये तसं स्पष्ट म्हटलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही त्या सूचना उचलून धरल्या. एकट्या माणसाने वाद घातला तर लाज वाटते, हे त्यांना पक्कं माहीत असतं. वेटरला टीप मात्र हातात द्या. आणि 'एकच?' असं विचारलं तर आवाज न चढवता 'हो, एकच' म्हणायचं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तोच माणूस 'या मॅडम, तुमचं टेबल' म्हणतो.

मागच्या दिवाळीनंतर आई पंधरा दिवस माझ्याकडे राहायला आली होती. मी तिला हौसेने चार ठिकाणी नेलं. ती प्रत्येक ठिकाणी भिंतीकडे तोंड करून बसायची आणि 'कशाला एवढा खर्च' म्हणत अर्धी डिश माझ्याकडे सरकवायची. मग एका बुधवारी मी ऑफिसात असताना तिचा फोन आला. 'जेवलीस का?' मी विचारलं. 'जेवले की. खालच्या त्या उडप्याकडं गेले होते. म्हटलं, एकटीसाठी कुठं कुकर लावायचा.' मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, 'कोण होतं बरोबर?' 'कोण असणार? मीच.' मग जरा थांबून म्हणाली, 'इडली बरी होती. पण सांबार गोड करतात गं हे लोक. मी सांगून आले त्याला.'