साथ कोणत्या वाटेने येते?

साथीचा रोग गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही, हे वाक्य २०२० साली मंत्र्यांपासून अग्रलेखांपर्यंत सर्वत्र ऐकू येत होते. ते उदात्त आहे आणि खोटे आहे. जंतू भेद करीत नसेल. त्याची वाट आखणारी व्यवस्था करते.

कोरेगावच्या कार्यकर्त्यांना याचा पुरावा शोधण्यासाठी लांब जावयास नको. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. हाँगकाँगकडून जहाजांतून आलेला मानला जाणारा हा रोग धान्याच्या पोत्यांतील उंदीर-पिसवांबरोबर आणि जिवाच्या भीतीने गावाकडे निघालेल्या गिरणी कामगारांबरोबर देशावर चढला. पुणे-मिरज लोहमार्ग कोरेगाव तालुक्यातूनच जातो. १८९१ च्या शिरगणतीत तेव्हाच्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे सव्वाबारा लाख होती. १९०१ मध्ये ती साडेअकरा लाखांच्याही आत आली. (प्लेगच्या जोडीला दुष्काळ होता, हेही विसरता कामा नये.) १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर स्थानकांवर तपासणी झाली ती मुख्यतः तिसऱ्या वर्गाच्या उतारूंची. पहिल्या वर्गातील साहेबाला सवलत होती. तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढण्यात आला.

२०२१ मध्ये याच लोहमार्गाच्या पुण्याकडील टोकाला तयार होणारी लस केंद्राला १५० रुपयांना आणि खासगी रुग्णालयाला ६०० रुपयांना, अशी किंमत लावली गेली. २०१७ च्या आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावर २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के खर्चाचे वचन दिले होते. २०२५ उलटले, वचन कागदावरच राहिले. क्षयमुक्तीची मुदतही तीच होती. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण आजही भारतात आहेत.

आज ही वाट उसाच्या फडातून जाते. दरवर्षी बीडकडील ऊसतोड मजूर सातारा जिल्ह्यातील उसावर येतात, कोपीत राहतात, मिळेल ते पाणी पितात. क्षयाचा औषधोपचार साधारण सहा महिन्यांचा. हंगामही जवळपास तेवढाच. गावी सुरू झालेल्या गोळ्या फडात तुटतात. लेकराला गोवराची पहिली मात्रा मिळालेली असते, दुसरी कोणाच्याच वहीत नसते. आणि गोवर काय करतो ते २०२२ मध्ये गोवंडीने पाहिले आहे. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचा. आरोग्य खाते म्हणते, नोंद बीडची. साखर मात्र कारखान्याची, याविषयी कोणाचे दुमत नसते!

तेव्हा प्रत्येक तोडणी तळावर पिण्याचे पाणी, शौचालय, लसीची नोंद आणि क्षयतपासणी असल्याशिवाय गाळप परवाना देऊ नये, ही मागणी घेऊन पक्षाने कोरेगावच्या तहसील कचेरीवर गेले पाहिजे, आणि तेही धुराडी पेटण्यापूर्वी. नंतर दिलेले निवेदन फेब्रुवारीपर्यंत फायलीत पडून राहील, तोवर मजुरांच्या गाड्या परतीच्या वाटेला लागलेल्या असतील.