पहिलं पाऊल

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसतो. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याला एक चिवट पट्टा असतो. रात्रभर आखडलेला तो पट्टा पहिल्याच पावलाला ताणला जातो. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी, म्हणजे यवतेश्वर घाटाच्या २१ किलोमीटरसाठी, मी महिन्याभरात चढावरचं धावणं दुप्पट केलं होतं. दम पुरला, पोटऱ्या पुरल्या, तळवा पुरला नाही. नुसती विश्रांती घेऊन भागत नाही, हे मला उशिरा कळलं. त्या पट्ट्याला हळूहळू भार पेलायला शिकवावं लागतं. म्हणून दिवसाआड जिन्याच्या पायरीवर चवडा टेकवून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा. कंटाळवाणं आहे खरं, पण माझा त्यावर आता विश्वास बसलाय. पहाटे तळजाईच्या टेकडीवर जातो तो फक्त चालायला. ओळखीचे धावणारे हात उंचावून पुढे जातात, तेव्हा घसा दाटतो. काल मात्र तीन महिन्यांनी एक मिनिट धावलो, आणि आज सकाळी फरशीवर पाय टेकवताना खिळा टोचला नाही.