न वाहिलेली नदी

एका कलावंताच्या कृतीला त्याच्याच दुसऱ्या कृतीनें मागें सारावें, असें क्वचितच घडतें. अमेरिकन चित्रकार मार्क डेव्हिस यांच्या बाबतींत तें घडलें.

कॅलिफोर्नियांतील डिस्ने यांच्या क्रीडोद्यानांत १९६७ सालीं चांच्यांची जलयात्रा सुरू झाली. प्रेक्षकांनीं नावेंत बसावें आणि दोहों तीरांवर यंत्रानें हलणाऱ्या चांच्यांची लुटालूट पाहावी, अशी ती योजना. तींतील कितीएक विनोदी प्रसंग डेव्हिस यांनींच रेखाटलेले. पुढें फ्लॉरिडांत नवें उद्यान होऊं लागलें. चांच्यांचा खरा समुद्र तेथून जवळच. मग तेथील लोकांना त्यांचें काय अप्रूप? म्हणून डेव्हिस यांनीं पश्चिमेकडील गुराख्यांची नदी योजिली. तींत बँक लुटणारे दरोडेखोर होते, आणि त्यांच्या घोड्यांच्याही तोंडाला फडकीं बांधलेलीं! (तेथील मूळ रहिवाश्यांची थट्टा मात्र मला रुचत नाहीं.)

उद्यान १९७१ सालीं उघडलें आणि लोक विचारूं लागले, चांचे कोठें आहेत? वाचकहो, कीर्तनाला जाणारेही ऐकलेलेंच आख्यान मागतात! १९७३ च्या डिसेंबरांत चांचे तेथेंही आले. मग तशाच दुसऱ्या जलयात्रेवर एवढा खर्च कशाला? हिशेब म्हणून हें बरोबरच होतें. पण नदीची लहान प्रतिकृति उद्यानांत मांडलेली होती, ती पाहणाऱ्यांनीं वाट पाहिली ती पाहिलीच.

डेव्हिस १९७८ सालीं निवृत्त झाले. दोन वर्षांनीं, नदीसाठीं योजिलेल्या भागांत खाणीची आगगाडी धांवूं लागली.