सव्वीसचे तीस

मुंबईत रिक्षाचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे. प्रवासी तीस रुपये पुढे करतो, रिक्षावाला ‘सुट्टे द्या’ म्हणतो, मागून हॉर्न वाजू लागतात आणि चार रुपये रिक्षातच राहतात. पुढच्या रिक्षातून उतरलेला मात्र मोबाइलवरून बरोबर २६ रुपये देऊन चालता होतो. अंतर तेवढेच, मीटर तोच, पण रोख देणाऱ्याला भाडे जास्त. यात रिक्षावाल्याला दोष देऊन भागणार नाही. त्याच्याकडेही चिल्लर नसते, कारण त्याला ती कोणी देत नाही. दुकानदार निदान चार रुपयांची चॉकलेटे तरी हातावर ठेवतो. तीच चॉकलेटे दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात पैसे म्हणून देऊन पाहावीत!

हे प्रकरण किरकोळ वाटते, म्हणूनच ते धोक्याचे आहे. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून सरकारने रीतसर बंद केली. आठ आणे बंद केले नाहीत. ते आजही कायदेशीर चलन आहे आणि नाणे कायदा २०११ प्रमाणे दहा रुपयांपर्यंतचे देणे आठ आण्यांत चुकवता येते. प्रत्यक्षात भाजीवालीसमोर ते ठेवले तर ती हसेल. सरकारी आदेशाशिवाय, केवळ नकारामुळे एक नाणे बाजारातून गेले आणि कोणी जाब विचारला नाही. तीच पाळी आता रुपयावर आणि दोन रुपयांवर येते आहे. दहा रुपयांचे नाणे खोटे असल्याची अफवा एवढी पसरली की, चौदाही नमुने खरे आहेत असे रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावे लागले. तरी कित्येक गावांत ते नाणे अजून चालत नाही. नाणे वितळवले तर कायद्यात तुरुंगवास आहे. ते घ्यायला नकार देणाऱ्यासाठी त्या कायद्यात शिक्षेचे कलम नाही.

सरकारनेही या नाण्यांची पत राखलेली नाही. इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया वजनाला बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम होता. १९९२ चा पोलादी रुपया ४.८५ ग्रॅम, २०११ चा ३.७९ आणि २०१९ चा ३.०९. महागाईत धातू परवडत नाही, हे समजू शकते. पण २०११ मध्ये काढलेले दोन रुपयांचे नाणे ४.८५ ग्रॅम वजनाचे आणि २५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे वजनाने आणि आकाराने हुबेहूब १९९२ च्या रुपयासारखे करताना कोणाची बुद्धी चालली होती? दोन्ही आजही एकाच गल्ल्यात पडतात. अंध माणसाने बोटांनी काय ओळखावे? २०१९ च्या मालिकेत नाणी किमतीनुसार चढत्या आकाराची आणि वजनाची केली, हे चांगलेच झाले. पण जुनी नाणी चलनात असेपर्यंत तो चढता क्रम गल्ल्यात सापडत नाही.

आता बँकेत चला. रुपयाची आणि दोन रुपयांची नाणी वजन करूनही स्वीकारावीत, शंभर-शंभरच्या पिशव्या आणल्या तर अधिक सोयीचे, असे रिझर्व्ह बँकेचेच बँकांना सांगणे आहे. शंभर रुपयांची पिशवी १९९२ च्या नाण्यांची असेल तर ४८५ ग्रॅम भरेल, २०१९ च्या नाण्यांची असेल तर ३०९. वेगवेगळ्या काळांतली नाणी मिसळलेली पिशवी कोणत्या काट्यावर तोलायची? खिडकीवरचा कारकून मग ‘उद्या या’ म्हणतो. किराणावाला पुन्हा येत नाही. तोही मग गिऱ्हाइकाकडून चिल्लर घेत नाही, आणि नाणी घरोघरच्या डब्यांत पडून राहतात. उपाय म्हणून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग जाहीर केला. क्यूआर कोड स्कॅन करून मोबाइलवरून पैसे भरा आणि नाणी घ्या. ज्याच्याकडे ती सोय आहे त्याला सुट्ट्यांची गरजच काय?

रुपया पाडायला रुपयाहून जास्त खर्च येतो, हा नेहमीचा युक्तिवाद. टांकसाळीने माहिती अधिकारात २०१८ मध्ये दिलेला आकडा एक रुपया अकरा पैसे होता. पण नाणे एकदा खर्चून संपत नाही, वर्षानुवर्षे हातोहात फिरते. आणि नकोच असेल तर तसे उघड सांगावे. कॅनडाने २०१३ मध्ये एक सेंटचे नाणे बाजारात पाठवणे थांबवले, तेव्हा रोखीची रक्कम जवळच्या पाच सेंटांवर आणण्याचे सूत्रही जाहीर केले. त्यात रक्कम वर जाते तशी खालीही येते. आपल्याकडे सव्वीसचे तीस होतात, पंचवीस कधीच होत नाहीत. हा फरक ज्यांच्या खिशातून जातो त्यांत कामवाल्या बायका आहेत, हमाल आहेत, साधा फोन वापरणारे म्हातारे आहेत.

नाणी पाडणे केंद्र सरकारचे काम, वाटणे रिझर्व्ह बँकेचे, घेणे बँकांचे. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायला ही सोयीची रचना आहे. अर्थ मंत्रालयाने तिघांना एकत्र बसवून काही गोष्टी ताबडतोब ठरवाव्यात. नाणी नाकारणाऱ्या शाखेला दंड हवा. एसटी आगार, रिक्षा थांबे आणि मंडया यांना बँकांनी ठरलेल्या वारी चिल्लर पोचवावी. जुन्या जड नाण्यांचे काय करायचे, याचे वेळापत्रक छापावे. आणि राज्याच्या परिवहन खात्याने पुढची भाडेवाढ मंजूर करताना रिक्षाचे २६ आणि टॅक्सीचे ३१ असले आकडे लिहिण्यापूर्वी, उरलेले चार आणि नऊ रुपये परत कोण आणि कशातून देणार, हेही त्याच आदेशात लिहावे.