सरासरी काढू नका राव!

शनिवारी रेंजवर ऑफिसातला एक मित्र भेटला. (इथे टेक्ससमध्ये रिकाम्या पुंगळ्यांत पुन्हा दारू भरणं हा चक्क वीकेंडचा छंद आहे.) पठ्ठ्याने नऊ एमएमसाठी सुरुवातीचं दारूचं वजन कसं ठरवलं असेल? तीन ठिकाणचे आकडे घेऊन सरासरी! म्हणे, "आउटलायर निघून जातात."

अरे, तिन्हीकडे गोळी वेगळी, मग सरासरी कसली? दारू तेवढीच ठेवून गोळी जरा खोल बसवली की आतली जागा घटते आणि दाब उसळतो. नऊ एमएमची पुंगळी मुळात एवढीशी, आणि सामीची मर्यादा ३५,००० पीएसआय. .३८ स्पेशलची तर १७,०००च. वर पुंगळी इतकी ऐसपैस की चुकून दुप्पट दारू पडली तरी मावते.

हॉजडन, लायमनवाल्यांनी दाब मोजून तक्ते छापलेत. तीच दारू, तीच गोळी, तीच लांबी शोधा, खालच्या आकड्यापासून सुरू करा, हळूहळू चढा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण इथे रोलबॅक नाही मंडळी, पिस्तूल हातात असतं!

असो. त्याच्या पन्नास गोळ्या मोडायच्यात. उद्या माझा गोळ्या उपसायचा हातोडा घेऊन त्याच्याकडे चाललोय.